दलदलीतला गिटारवाला

आपल्या होस्टेलमध्ये कोणी गिटार हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला : "सोलो किती फास्ट वाजवतोस?" टोनी जो व्हाइट या प्रश्नात सपशेल नापास झाला असता. तरी त्याचं गाणं लागलं की पाय आपोआप हलायला लागतो. का, ते बघू.

हा अमेरिकेतल्या लुइझियानाचा, जन्म १९४३. वडील कापूस पिकवायचे. मोठ्या भावाने लाइटनिन हॉपकिन्सची ब्लूजची रेकॉर्ड घरी आणली आणि पोरगं गिटारला चिकटलं. त्या भागात सगळीकडे पाणी आणि दलदल, म्हणून या संगीताला नावच पडलं 'स्वॅम्प रॉक'. चालही तशीच. चिखलात पाय रुतावा आणि सावकाश निघावा!

१९६९ मध्ये 'पोक सॅलड अॅनी' अमेरिकेत आठव्या नंबरपर्यंत गेलं. पोक ही रानभाजी. ती विषारी असते, त्यामुळे पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकून द्यावं लागतं. (आपण अळूत चिंच घालतो, पण तिथे फक्त घसा खाजतो!) गरीब घरातली मुलगी ती खुडून आणते, एवढीच गोष्ट. पण ती त्याने पाहिलेल्या आयुष्यातली आहे.

आता थोडं इंजिनिअरिंग. गाण्याचा बराचसा भाग एकाच इ कॉर्डवर आहे. मग कंटाळा का येत नाही? उत्तर पायाखाली आहे. वा-वा पेडल म्हणजे एक फिल्टर. तो एका छोट्या पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सी उचलून धरतो आणि पाय दाबला की तो पट्टा वर सरकतो. आपण 'ऊ' म्हणता म्हणता तोंड उघडून 'आ' म्हणतो, तेव्हा तोंडातही साधारण हेच घडतं. म्हणून गिटार बोलल्यासारखी वाटते. टोनी या पेडलला 'व्हॉम्पर स्टॉम्पर' म्हणायचा. त्यात डाव्या हाताने तारा दाबून काढलेला 'चिक-चिक' आवाज, म्हणजे झाला फंक. आणि मध्ये मोकळी जागा. तिथे बेस आणि ड्रम्स श्वास घेतात, आणि याचा खर्जातला आवाज निवांत बोलत राहतो.

एल्व्हिसने 'अॅनी' गायलं, टीना टर्नरने १९८९ च्या अल्बममध्ये याची गाणी घेतली. दोघंही जबरदस्त, पण मला विचाराल तर तो आळशीपणा त्यांना जमला नाही. टोनी २०१८ मध्ये गेला.

ऐकायचं असेल तर 'ब्लॅक अँड व्हाइट' या अल्बमपासून सुरुवात करा. आणि प्लीज, मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेस गायब होतो, मग उरते नुसती 'चिक-चिक'.