डोक्याच्या वाटेवरची खोबण

विमान वर चढलं, सीटबेल्टचा दिवा विझला, की रांगारांगांतून एक छोटासा गृहोद्योग सुरू होतो. कुणी ट्रे उघडून पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून बघतं. विमान जरा हललं की बाटली एकीकडे आणि फोन दुसरीकडे. कुणी फोनच्या कव्हरची झडप बंद ट्रेच्या खटक्यात अडकवतं. खरे मुरलेले प्रवासी घरूनच झिपवाली पारदर्शक पिशवी आणतात. फोन पिशवीत, पिशवीची कड ट्रे आणि समोरच्या पाठीच्या मध्ये चिमटीत धरलेली, आणि वेबसिरीज डोळ्यांसमोर लटकलेली. मुंबई-नागपूरच्या दीड तासात दोन भाग आरामात बघून होतात.

मग कधीतरी नव्या विमानात बसावं, ट्रे उघडावा, तर त्यावर आडवी, बोटभर रुंदीची एक खोबण दिसते. फोन तिच्यात ठेवला की उभा. काही सीटना ट्रेच्या वर, समोरच्या पाठीतच एक चिमुकली पट्टी असते. ती खाली ओढली की फोनसाठी फळी तयार. बघणाऱ्याला वाटतं, हे सुचायला इतकी वर्षं का लागली? प्लास्टिकमध्ये एक खाच पाडायची, त्यात एवढं काय?

त्यात बरंच काही आहे.

इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण म्हणजे ठेवायला काही नव्हतंच. 1988 साली नॉर्थवेस्ट एअरलाइन्सनं आपल्या बोइंग 747 विमानांत सीटच्या पाठीत बसवलेल्या पडद्यांची चाचणी घेतली. पडदा होता 2.7 इंचांचा, म्हणजे आजच्या फोनच्या निम्म्यानंही नाही. त्यानंतरची वीसेक वर्षं पडदा देणं हे विमान कंपनीचं काम मानलं गेलं. 2010 मध्ये आयपॅड आला आणि पडदा प्रवाशाच्या पिशवीतून विमानात चढू लागला. 2013 च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळीही छोटी उपकरणं सुरू ठेवायला परवानगी दिली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या डीजीसीएनंही ‘फ्लाइट मोड’ची अट घालून तीच वाट मोकळी केली. 2017 च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सनं जाहीर केलं की नव्या 737 मॅक्स विमानांत सीटमागे पडदे बसवणार नाही, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त प्रवासी स्वतःचं उपकरण घेऊनच येतात. पडदे, त्यांच्या वायरी आणि पेट्या, सगळ्याचं वजन आणि खर्च वाचला. पडद्याच्या जागी आली एक खाच.

आता ती खाच. समजा ती 14 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर खोल आहे. तिच्यात 8 मिलिमीटर जाडीचा फोन उभा केला, तर तो मागे कलून खाचेच्या मागच्या काठावर टेकेल. किती कलेल? कागदावर त्रिकोण मांडून बघितलं तर उत्तर येतं सुमारे 37 अंश. आता त्याच फोनला जाड रबरी कव्हर घाला. जाडी झाली 12 मिलिमीटर. कल येतो 13 अंशांवर. फोन तोच, खाच तीच, फक्त कव्हर बदललं आणि चित्र जवळजवळ सरळ उभं राहिलं. म्हणजे ही खाच फोन नुसता धरत नाही, फोनच्या जाडीवरून बघण्याचा कोनही ठरवते. पुन्हा प्रत्येकाची उंची वेगळी, त्यामुळे प्रत्येकाला हवा असलेला कोन वेगळा. खाच अरुंद केली तर जाड कव्हरवाला फोन आत जाणारच नाही. रुंद केली तर बारीक टॅबलेट आडवा पडेल. खोल केली तर पडद्याची खालची पट्टी झाकली जाईल, आणि सबटायटल्स नेमकी तिथेच येतात! म्हणून कुठे खाचेच्या तळाला पायऱ्या दिसतात, कुठे भिंती तिरप्या, कुठे आत रबरी पट्टी. काही मिलिमीटरचा हा हिशेब कुणीतरी बसून केलेला असतो, आणि तो बरोबर जमला की तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही ट्रेवरच्या खाचेत एक खोट राहतेच. ट्रे पोटापाशी असतो, डोळे त्याच्या बरेच वर. केनेथ हंसराज या अमेरिकी मणक्याच्या सर्जननं 2014 मध्ये गणिती प्रारूप मांडून दाखवलं होतं की, डोकं सरळ असताना मानेवर साधारण साडेचार-पाच किलोंचा भार असतो, पण ते 60 अंश खाली झुकलं की तो 27 किलोंच्या घरात जातो. सगळ्यांच्याच माना इतक्या झुकत नाहीत, पण दोन-अडीच तासांच्या पुणे-दिल्ली प्रवासात मान अवघडल्याचा अनुभव कुणाला नाही? तेव्हा उपाय उघड आहे. फोन वर न्या, डोळ्यांच्या रेषेत, समोरच्या सीटच्या पाठीवर.

इथे मात्र सगळी गंमत सुरू होते, कारण ती जागा आधीच राखीव आहे. ती तुमच्या डोक्यासाठी आहे.

विमानात मोटारीसारखा खांद्यावरून येणारा पट्टा नसतो, फक्त कमरेचा. विमान जोरात आदळून थांबलं तर कंबर जागेवर राहते आणि वरचं अंग तिथून दुमडतं. डोकं एक मोठी कमान घेत पुढे जातं आणि समोरच्या पाठीवर आपटतं. कुठे? साधारण तिथेच, जिथे ट्रेचा खटका असतो आणि जिथे फोनची फळी बसवावीशी वाटते. 1988 मध्ये अमेरिकेनं नव्या रचनेच्या विमानांतल्या सीटसाठी जो नियम केला, तो या कमानीचाच विचार करतो. चाचणीत सीट एका घसरगाडीवर बसवतात आणि तिच्यात 77 किलोंचा डमी बांधतात. ताशी 48 किलोमीटरचा वेग असा तोडतात की 0.09 सेकंदाच्या आत धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 16 पटींवर पोचतो. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला विमान प्राधिकरणाची स्वतःची अशी प्रयोगशाळा आहे. डमीच्या डोक्यात संवेदक असतात, आणि डोकं समोरच्या सीटवर आपटलं की त्यांच्या नोंदींवरून एक आकडा काढतात. हा आकडा 1000 च्या वर गेला की सीट नापास.

तो आकडा काढायची पद्धत मला फार विलक्षण वाटते. ठरावीक काळातला डोक्याचा सरासरी प्रवेग घ्यायचा, त्याचा अडीचवा घात करायचा आणि त्याला त्या काळानं गुणायचं. वर्ग नाही, घन नाही, अडीचवा! हे डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात मोटार अपघातांसाठी झालेल्या प्रयोगांतून आलं. कवटी छोटा जोरदार फटका सोसते, पण तसाच फटका थोडा लांबला तर सोसत नाही, हे तिथे दिसलं होतं. अडीचव्या घाताचा अर्थ असा की, तेवढ्याच वेळात प्रवेग दुप्पट झाला तर धोक्याचा आकडा साडेपाच पटींहून जास्त वाढतो. त्यामुळे समोरच्या पाठीवरचा प्रत्येक कठीण उंचवटा महागात पडतो. म्हणूनच खटके सपाट असतात आणि कडा गोल असतात. कित्येक सीटची पाठ तर जोरात ढकलली तर पुढे दुमडते, आणि डोक्याची ऊर्जा त्या दुमडण्यात खर्च होते.

आता फळी बनवणाऱ्याची अडचण बघा. विमान हेलकावलं तर टॅबलेट उडता कामा नये, इतकी पकड हवी. कारण जोरदार हेलकाव्यात विमान इतकं झपकन खाली जातं की सुट्या वस्तू छताला जाऊन लागतात. अर्ध्या किलोचा टॅबलेट त्या क्षणी कुणाच्याही कपाळाचा असतो. आणि त्याच फळीवर डोकं आपटलं तर मात्र तिनं क्षणात दबायला, मिटायला किंवा तुटायला हवं, तेही तीक्ष्ण तुकडे न होता. घट्ट धर आणि लगेच सोड, या दोन्ही आज्ञा एकाच प्लास्टिकच्या पट्टीला.

ट्रेवरची साधी खाच इथे बाजी मारते, आणि तिचं कारण मला कळलं तेव्हा मी अक्षरशः हसलो. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी ट्रे बंद असावाच लागतो. ट्रे बंद केला की त्याची वरची बाजू समोरच्या पाठीकडे वळते आणि तुमच्यासमोर येते त्याची पाठ, सपाट आणि गुळगुळीत. धोक्याच्या मिनिटांत खाच आपोआप लपलेली असते. त्या मिनिटांसाठी तिला वेगळी युक्ती लागतच नाही. ट्रेवर एकच जबाबदारी उरते, धक्क्यात उघडून पडून बाहेर पडणाऱ्यांची वाट अडवू नये. वरची फळी मात्र डोक्याच्या वाटेवर कायमची असते, म्हणून ती बंद झाली की पाठीत पूर्ण मिसळून जाईल अशी करावी लागते. मानेला सोयीची जागा डोक्याला गैरसोयीची, असा हा पेच आहे.

ट्रेबद्दल आणखी एक गोष्ट, जी रोज विमानात बसणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. समोरचा माणूस सीट मागे करतो तेव्हा तुमचा ट्रे तिरका होत नाही, चहा सांडत नाही. का? ट्रे पाठीला चिकटलेला दिसतो, पण त्याचे दोन दांडे खाली सीटच्या न हलणाऱ्या सांगाड्यावर फिरतात. पाठ हलते, ट्रे जागेवर राहतो. चहासाठी ही रचना उत्तम, पण लॅपटॉपसाठी घातकी. ट्रेवर लॅपटॉप उघडा असतो, त्याच्या पडद्याची वरची कड समोरच्या पाठीतल्या खळग्यात, खटक्याच्या ओठाखाली शिरलेली असते, आणि पुढचे काका डुलकी काढायला सीट मागे रेलतात. ट्रे हलत नाही, पाठ खाली येते, मध्ये पडदा. कडकन् आवाज येतो आणि काकांना पत्ताही नसतो. खाचेत ठेवलेला फोन किंवा टॅबलेट यातून बहुधा वाचतो, कारण खाच प्रवाशाच्या बाजूला, खळग्यापासून लांब असते. तिची जागा ठरवताना हेही बघावं लागतं.

निसटणाऱ्या फोनचा दुसरा धोकाही आहे. तो दोन सीटच्या फटीत पडला तर केबिन क्रू सांगतात, सीट हलवू नका, आम्हाला बोलवा. शोधताना सीट मागेपुढे केली की आतल्या यंत्रणेत फोन चिरडतो, लिथियमची बॅटरी दुखावते आणि धूर येऊ लागतो. तेव्हा फोन घट्ट धरून ठेवणं ही नुसती चैन राहत नाही. ट्रेचं प्लास्टिकही आगीची परीक्षा देऊन आलेलं असतं. नमुना उभा टांगून 12 सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर सरासरी 15 सेकंदांत तो विझला पाहिजे आणि 8 इंचांहून जास्त जळता कामा नये.

हे सगळं जमलं तरी दारात वजनकाटा घेऊन कुणीतरी उभं असतंच. समजा एका सीटमागे 100 ग्रॅमची फळी लावली. इंडिगोच्या ए-320 निओसारख्या विमानात 180 सीट धरल्या तर झाले 18 किलो. विमानात वाढलेल्या वजनाच्या साधारण 3 टक्के जादा इंधन दर तासाला जळतं, असा ढोबळ आडाखा आहे. म्हणजे तासाला अर्धा किलो. हे विमान रोज 12 तास उडालं तर वर्षाला सव्वादोन टनांहून जास्त इंधन, फक्त फोन उभा करायला. तीनशे विमानांच्या ताफ्यात हेच सातशे टनांवर जातं. खाचेचं वजन उणे असतं, ट्रेमधून प्लास्टिक कमीच होतं! हिशेबनीसाला फळीपेक्षा खाच का आवडते, ते यावरून कळतं.

फोनशेजारी चार्जिंगचं छिद्र हवं, ही पुढची मागणी. विमानातली वीज घरातल्यासारखी नसते. ती सहसा 115 व्होल्ट आणि 400 हर्ट्झची असते, आपल्या घरी 230 आणि 50. हर्ट्झ जास्त असले की ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलके करता येतात, म्हणून ही निवड. मग प्रत्येक रांगेखाली त्या विजेचं रूपांतर करणारी पेटी, तिथून सीटपर्यंत वायर, आणि पुन्हा वजन.

छिद्राचं दुखणं मात्र वजनापेक्षा वेगळं आहे. एक सीट वर्षानुवर्षं विमानात राहते. फोन दर वर्षी बदलतात. गेल्या दशकात हौसेनं बसवलेली चौकोनी यूएसबी छिद्रं अजून शेकडो विमानांत आहेत. दरम्यान युरोपीय संघानं 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं, आणि नव्या फोनसोबत मिळणारी वायर बऱ्याचदा त्या जुन्या छिद्रात जातच नाही. पाठीतले जुने पडदे आजच्या फोनपुढे मंद आणि धूसर वाटतात. घडी घालायचे फोन आले, त्यांची जाडी बंद असताना एक, उघडल्यावर दुसरी. तरी त्यांतले बरेचसे 14 मिलिमीटरच्या खाचेत कसेबसे उभे राहतात, उघडल्यावर जरा जास्त कलून, बंद असताना जरा कमी.