घरगुती संगणकातील अनाहूत सॉफ्टवेअर

परभणी जिल्ह्यात प्रबंध वा प्रश्नपत्रिका मराठीत टंकित करणाऱ्या प्राध्यापकांच्या घरच्या संगणकात अनाहूत सॉफ्टवेअर बहुधा त्यांच्याच संमतीने शिरते. मोफत टंकनसाधन, किंवा 'कृतिदेव'मधील जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक उतरवून घेताना आधीच खूण केलेली चौकट न वाचता 'नेक्स्ट' दाबले जाते. मग जाहिराती दाखविणारे, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारे सोबती मुक्कामाला येतात.

वास्तविक टंकनासाठी ही उसनवारी अनावश्यक आहे. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज २००० पासून अंगभूत असून, २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकही आला. परिवर्तकाची गरज मात्र उरतेच. तेथे 'कस्टम' पर्याय निवडून प्रत्येक चौकट वाचावी.

सॉफ्टवेअर शिरलेच, तर 'ॲप्स'ची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावून त्या दिवशीची अनोळखी नावे काढावीत. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात: ब्राउझरमधील एक्स्टेन्शन तसेच राहते आणि जाहिराती परततात. तेही काढून विंडोज डिफेंडरने संपूर्ण तपासणी करावी. केंद्र शासनाच्या, २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही विनामूल्य आहेत. दरम्यान बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावा.