उन्हाचे दालन
पुण्यासारख्या सुमारे साडेअठरा अक्षांशांवरील गावी डिसेंबरअखेर मध्याह्नीचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून अवघ्या ४८ अंशांवर असतो, तर मेच्या मध्यास तो थेट माथ्यावर येतो. म्हणून घराला उन्हाचे दालन जोडू इच्छिणाऱ्याने, थंड देशांतील चित्रे पाहून छतासही काच घालण्याचा मोह आवरून, काच दक्षिणेच्या भिंतीस द्यावी आणि छप्पर मंगळुरी कौलांचे करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. काच सूर्यप्रकाशाला मुक्तद्वार देते, परंतु तापलेल्या फरशीची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पौषात सुखद असणारा हा गुण वैशाखात असह्य होतो, यास्तव वरच्या अंगास उघडणाऱ्या झडपांची तजवीज प्रथम करावी. काच टफन्ड घ्यावी. फुटलीच तर तिचे बोथट कण होतात, आणि घरात मुले वावरतात. चौकटीस जुने सागवान अव्वल. ॲल्युमिनियम वाळवीपासून निर्धास्त खरे, पण उन्हाने ते काचेच्या सुमारे अडीचपट प्रसरण पावते, तेव्हा मध्ये रबराची पट्टी हवीच. फरशी मात्र शहाबादीच असावी: दिवसा प्राशन केलेले ऊन ती संध्याकाळी हळूहळू परत करते, आणि अनवाणी वृद्ध पावलांना ती ऊब तत्काळ कळते.