खुनाच्या कादंबरीची प्रस्तावना

ग्रंथकाराने आपल्या नव्या ग्रंथाची ओळख वाचकांस स्वतः करून द्यावी, ही प्रथा जुनीच आहे. चरित्रकार आपली साधने सांगतो, कवी आपली प्रेरणा सांगतो, सामाजिक कादंबरीचा लेखक प्रसंगी कथानकाचा सारांशही देऊन टाकतो. त्याने ग्रंथाचे फारसे बिघडत नाही. खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याची स्थिती मात्र निराळी. त्याच्या ग्रंथाचा प्राण अखेरच्या दहा-बारा पृष्ठांत असतो, आणि ओळख तर पहिल्या पृष्ठावर यावयाची. काही सांगावे तर रहस्य फुटते. न सांगावे तर प्रस्तावना पोकळ होते. या पेचातून इंग्रजीतील नामवंत रहस्यकारांनी वाट कशी काढली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

विल्की कॉलिन्स याची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी १८६० साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्याने टीकाकारांस एक विनंती केली : स्तुती करा वा निंदा करा, परंतु ती कथा न सांगता करता येणार नाही काय? १८६८ साली 'द मूनस्टोन' प्रसिद्ध करताना तो एक पाऊल पुढे गेला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या वेढ्यात लुटल्या गेलेल्या एका हिऱ्याभोवती ही कथा फिरते. प्रस्तावनेत त्याने हिऱ्याच्या कल्पनेचा कोहिनुराशी असलेला संबंध सांगितला, आणि आपल्या पूर्वीच्या काही कादंबऱ्यांत परिस्थितीचा स्वभावावर होणारा परिणाम दाखविला होता, येथे स्वभावाचा परिस्थितीवर होणारा परिणाम दाखविला आहे, असे रचनेचे सूत्रही सांगितले. हिरा कोणी नेला, याविषयी मात्र अक्षर नाही.

पुढे या वाङ्मयप्रकारास खेळाचे स्वरूप आले आणि प्रस्तावनेत खेळाचे नियम येऊ लागले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ साली एका रहस्यकथासंग्रहास प्रास्ताविक लिहिताना दहा नियम घालून दिले. त्यांपैकी एक असा की, गुप्तहेरास गवसलेला प्रत्येक दुवा तत्काळ वाचकापुढेही ठेवला पाहिजे. लेखक आणि वाचक यांच्यातील हा करारच होय. अँथनी बर्कले याने १९३० साली 'द सेकंड शॉट' या कादंबरीच्या आरंभी असे भाकीत केले की, रहस्यकथेतील कोडे यापुढे स्थळकाळाचे न राहता मनुष्यस्वभावाचे होईल.

या बाबतीत अगाथा ख्रिस्तीबाईंचे कौशल्य आम्हांस विशेष वाटते. 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६) या कादंबरीत पत्त्यांचा डाव चालू असतानाच त्याच दालनात यजमानाचा खून होतो. प्रास्ताविकात बाई उघडच सांगतात की, संशयित चारच आहेत आणि चौघांपैकी कोणीही खुनी असू शकेल. यास्तव उकल सर्वस्वी त्यांच्या मनोव्यापारांवरून करावयाची आहे. येथे बरेच सांगितले गेले, तरी रहस्याला धक्का लागला नाही. उलट लक्ष कोठे द्यावे हे वाचकास कळले. 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२) हिच्या एका पुढील आवृत्तीस जोडलेल्या प्रास्ताविकातही त्यांनी ग्रंथदालनात प्रेत सापडण्याचा ठरीव संकेत आपण का घेतला आणि तो कसा फिरविला, एवढेच सांगितले.

या उदाहरणांवरून एक तत्त्व निघते. कोड्याची जात, त्याच्या मर्यादा आणि त्याचे मूळ बीज सांगण्यास प्रत्यवाय नाही. उत्तर, आणि उत्तराकडे बोट दाखविणारा शब्द, तेवढा राखावा. हा दुसरा भाग अवघड आहे. 'कोणाच्या स्वप्नातही येणार नाही असा खुनी' असे लेखक अभिमानाने लिहितो तेव्हा त्याने अर्धे रहस्य फोडलेलेच असते. वाचक ज्यांच्यावर संशय सहज येतो त्यांना प्रथमच वगळतो आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या पात्रावर नजर ठेवून बसतो. ख्रिस्तीबाईंच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) या कादंबरीचा शेवट न्याय्य की अन्याय्य, यावर मोठा वाद झाला. तो वाद आधी ऐकलेल्या वाचकाचा आनंद किती उणावतो, हे सांगावयास नको.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांनी वाचकांच्या पिढ्या वाचनाकडे ओढल्या. असा वाचकवर्ग असूनही, प्रस्तावना म्हणजे कथासार आणि वर आभारप्रदर्शन, ही आपली समजूत पुरती गेलेली नाही. प्रकाशनसमारंभात एखादा विद्वान वक्ता कादंबरीचे रसग्रहण करता करता खुन्याचा हेतूही उलगडतो, आणि लेखक शेजारी बसून संकोचाने ऐकतो. अन्य कादंबरी पुनःपुन्हा वाचता येते. रहस्यकादंबरीही दुसऱ्यांदा वाचता येते, परंतु ती रचनेचे कसब पाहण्यासाठी. न जाणता वाचण्याचा आनंद वाचकास एकदाच लाभतो, आणि गेला तर तो भरून देता येत नाही.

ग्रंथालयातील प्रतीच्या समासात कोणी खोडकर वाचक पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवतो, तेव्हा आपण चिडतो. ते नाव खोडरबराने पुसता तरी येते. प्रस्तावनेत छापलेले पुसता येत नाही, म्हणून नव्या कादंबरीकाराने आपली प्रस्तावना छापखान्यात धाडण्यापूर्वी कथा मुळीच ठाऊक नसलेल्या एखाद्या स्नेह्यास वाचावयास द्यावी. ती वाचून त्याला कादंबरी हाती घ्यावीशी वाटली, आणि संशय मात्र कोणाचाच आला नाही, तर ती खुशाल छापावी.