अकरावीला गणित घ्यावे की सोडावे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "गणित घेतलं की पोरगं नापास झालंच समजा." दुसरा म्हणतो, "गणित नाही तर भविष्यच नाही." पालक बंधू-भगिनींनो, दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूरकडची मुले साक्रीला येऊन नेट कॅफेत फॉर्म भरतात. शाखा त्या फॉर्ममध्येच भरावी लागते. ती दुकानदाराने ठरवू नये, घरात बसून ठरावी.

राज्य मंडळाचे गणित दोन प्रकारचे आहे. विज्ञान शाखेत त्रिकोणमिती, सदिश आणि कलन यांवर भर असतो. वाणिज्य शाखेत कलन असतेच, पण कमिशन, विमा, निर्देशांक असे व्यवहारातले धडेही असतात. वाणिज्यला गणिताऐवजी 'चिटणिसाची कार्यपद्धती' घेता येते. पुस्तपालनाला मोठे गणित लागत नाही. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि नीटनेटकेपणा लागतो. हे मी बी.कॉम. झालेला कारकून म्हणून सांगतो.

आता पुढचे पाहा. बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचे तर विज्ञानाचे गणित सोडू नका. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत गणिताचा पेपर नसतो, तिथे जीवशास्त्र हवे. सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेत मात्र व्यापारी गणित व संख्याशास्त्राचा १०० गुणांचा पेपर असतो. ती वाट धरायची असेल तर वाणिज्यचे गणित घेतलेले बरे.

मुलाला झेपेल का, हे घरीच तपासता येते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीची वर्गसमीकरणे पुन्हा सोडवायला द्या, मग अकरावीचा पहिला धडा वाचू द्या. समजावून दिल्यावर उदाहरण सुटत असेल तर गणित घ्यावे. वर्गसमीकरणेच अडत असतील तर सुट्टीत पाया पक्का करावा, नाहीतर दुसरा विषय निवडावा. त्यात कमीपणा नाही.

रोज एसटीने ये-जा करणाऱ्या मुलाला सरावाला तासभर मिळेल का, हेही पाहा. गणित वाचून येत नाही, रोज सोडवूनच येते. पहिल्या महिन्यातच अडले तर सरांना भेटावे, विषय बदलता येतो का ते विचारावे. परीक्षेपर्यंत थांबू नये.

आणि "मुलीला गणित कशाला?" हा प्रश्न घरात कोणी विचारू नये. तिची वही उघडून पाहा. उदाहरणे सुटत असतील तर निर्णय तिलाच करू द्या.