झाड आपला डीएनए कसा सांधते?

वैशाखाचे ऊन तापू लागले की आपण सावली शोधतो. ज्याची सावली घेतो त्या झाडाला मात्र जागचे हलता येत नाही. त्याचे अन्न उन्हावर अवलंबून, आणि त्याला इजा होते तीही उन्हानेच.

झाडाच्या पेशीत डीएनए नावाचे दुपदरी सूत्र असते. पेशीने काय घडवावे याचा सारा मजकूर त्यात असतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी एका पदरावरची दोन शेजारची अक्षरे परस्परांना चिकटतात व तेवढा मजकूर वाचता येईनासा होतो. यावर झाडाजवळ फोटोलायेज नावाचे एक विकर, म्हणजे पेशीतील क्रिया घडविणारे द्रव्य, आहे. ते चिकटलेल्या जागी बसते, निळा प्रकाश शोषते आणि त्या शक्तीने अक्षरे सुटी करते. उजेडाने होणारी ही दुरुस्ती अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ साली सूक्ष्मजंतूंत दाखविली. आपल्या शरीरात हे विकर नाही. आपल्या पेशी बिघडलेला तुकडा कापून तेथे नवा भरतात. ही रीतही झाडांना अवगत आहे.

दोन्ही पदर तुटले तर प्रसंग अधिक बिकट. गॅमा किरणांनी, क्वचित पेशीच्या नित्य व्यवहारातही, असे घडते. अशा वेळी शेजारी शाबूत प्रत असेल तर तीवरून मजकूर उतरून घेता येतो. नसेल तर तुटकी टोके तशीच जोडली जातात. हे काम लवकर उरकते, पण त्यात एखादे अक्षर गळते किंवा वाढते.

एवढ्याशा चुकीचे महत्त्व काय, असे कोणी विचारील. झाडाच्या शेंड्यावरील ज्या पेशी ऊन सोसत वाढतात, त्यांच्याच वंशातून पुढे फूल आणि बी येते. न सुधारलेली चूक अशा रीतीने पुढच्या पिढीत उतरू शकते. ती पुष्कळदा निरुपद्रवी असते, कधी घातक, आणि एखादे वेळी उपकारकही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाच्या बियांवर किरणांचा मारा करून, त्यांतील निवडक रोपांपासून व त्यांच्या संकरांतून नवे वाण तयार केले. ते आपल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचले आहेत.

आपल्या मुठीतल्या शेंगदाण्यांतही कदाचित अशीच एखादी जुनी, थोडी चुकलेली जोड असेल.