चोरीच्या कार्डाचे निदान

पावसाळ्यात मारेगावकडून जुलाबाचा एक रुग्ण आला तर दवाखान्यात कुणी दचकत नाही. एकाच गावातून दिवसभरात वीस आले, की पहिला प्रश्न विहिरीच्या पाण्याचा निघतो. ऑनलाइन दुकानात चोरीचे क्रेडिट कार्ड ओळखतात तेही असेच.

समजा, यवतमाळच्या एखाद्या बचत गटाने तूरडाळ ऑनलाइन विकायला काढली. भारतीय कार्डाला 2009 पासून जादा पडताळणी आहे, म्हणजे बहुधा ओटीपी. परदेशी कार्डाला तो अनेकदा लागत नाही, आणि चोरलेला नंबर खराच असल्याने संगणक तो मुकाट स्वीकारतो. मग लक्षणे पाहायची: एकाच फोनवरून दहा मिनिटांत आठ कार्डे, आधी दहा रुपयांची चाचपणी आणि मागोमाग मोठी ऑर्डर, कार्ड एका देशातले अन् पार्सल भलत्याच पत्त्यावर.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. चोरांनी पडताळणीची यंत्रणाच चुकवली आणि बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. काही रक्कम नंतर हाँगकाँगच्या खात्यात वळवली. हा प्रकार दुकानातला नव्हे, एटीएमचा. पण तिथेही सुटा व्यवहार किरकोळच दिसतो. एकाच बँकेची कार्डे काही तासांत 28 देशांत चालतात, ही मात्र साथ.

साथीच्या भीतीने सगळ्यांनाच रोगी ठरवणेही बरे नव्हे. 10,000 ऑर्डरींत 10 खोट्या आहेत आणि संगणकाची तपासणी 99 टक्के अचूक आहे, असे धरू. खोट्या बहुतेक सगळ्या सापडतील. पण उरलेल्या 9,990 पैकी सुमारे 100 प्रामाणिक ग्राहकांवरही लाल खूण पडेल. म्हणजे 110 संशयितांत 100 निर्दोष! आकडा ऐकून डॉक्टरही चकित होतात, खरे तर त्यांनी होऊ नये. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी लगेच औषध सुरू करत नाही, दुसरी चाचणी करतात.

दुकानदाराची दुसरी चाचणी साधी आहे. पार्सल एक दिवस थांबवायचे आणि ग्राहकाला फोन करायचा. खरा ग्राहक सहसा बोलतो, पत्ता सांगतो. हे टाळले आणि कार्डाच्या मालकाने पुढे तक्रार केली, तर बँक ती रक्कम बहुधा दुकानदाराकडूनच परत घेते. डाळ तोवर गेलेली असते. आपल्याच खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर मात्र फोन बँकेला आणि 1930 या क्रमांकावर करायचा, तोही त्याच तासाला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात.